वाचक विचारतात : वाळवंटात वसंत आला, हे कशावरून ओळखायचं?

प्रश्न : मुलाकडे ॲरिझोनात, टुसॉनला आले आहे. मार्च संपेपर्यंत मुक्काम आहे. रोज सकाळी सातच्या सुमारास घरामागच्या पायवाटेवर तासभर चालते. शेजारी सांगतात, स्प्रिंग सुरू झाला. मला तर कालचेच निवडुंग, कालचीच राखाडी झुडपं दिसतात. नेमकं काय बघायचं असतं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्याच गावात मी काही वर्षं राहिले आहे आणि तिथला फेब्रुवारी हा माझा वर्षातला सगळ्यात लाडका महिना होता. तुम्ही अगदी योग्य वेळी तिथे आहात.

वसंत शोधायचा तर आपण सवयीने मान वर करतो. पळस, पांगारा, काटेसावर, आंब्याचा मोहोर, सगळं डोक्याच्या वर असतं. टुसॉनभोवतीच्या सोनोरन वाळवंटात सुरुवात घोट्याच्याही खाली होते. त्यामुळे जाताना हवं तेवढं भरभर चाला, व्यायाम होऊ द्या, पण परतीच्या वाटेवर वेग निम्मा करा आणि दर थोड्या अंतरावर थांबून वाटेच्या कडेची जमीन बघा. मोठ्या दगडाची दक्षिणेकडची बाजू आधी बघा, कारण तिथे हिवाळ्याचं ऊन दिवसभर लागतं आणि माती लवकर ऊबदार होते. मग कोरड्या ओहोळाचे काठ. मग डांबरी रस्त्याची कड, कारण रस्त्यावर पडलेलं पाणी वाहून तिथेच मुरतं. या तीन जागांवर बाकी वाळवंटाच्या आठ-पंधरा दिवस आधी हालचाल दिसते.

आता मुलाला एक प्रश्न विचारा : ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादा चांगला भिजवणारा पाऊस झाला होता का? हा वसंत फेब्रुवारीत ठरत नाही, तो आदल्या शरद ऋतूतच ठरून गेलेला असतो. टुसॉनला पावसाळे दोन. जुलै ते सप्टेंबरचा गडगडाटी आणि डिसेंबर ते मार्चचा शांत, संथ, पॅसिफिककडून येणारा. वर्षाची बेरीज अडीचशे ते तीनशे मिलिमीटर. वसंतात फुलणाऱ्या रोपट्यांच्या बिया उगवायला सप्टेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत एकाच वेळी साधारण २५ मिलिमीटर पाऊस पडावा लागतो. तो पडला की बी रुजतं, आणि मग रोप अख्खा हिवाळा जमिनीला चिकटून, पानांचा एक लहानसा घेर करून बसतं. पहाटे पारा चार-पाच अंशांवर असतो, वर डोकं काढण्यात अर्थ नसतो, पण खाली मूळ वाढत असतं. तुम्ही जे बघायचं ते हे घेर. रुपयाच्या नाण्याएवढे, कधी बशीएवढे. निळसर हिरवी, बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली पानं असली तर ती मेक्सिकन गोल्ड पॉपी. पंजासारखी बोटं पसरलेलं पान आणि सकाळी त्याच्या मधोमध दवाचा एकच टपोरा थेंब असला तर तो लुपिन. पानं खरखरीत, केसाळ आणि मधून वर येणारा दांडा टोकाला आत गुंडाळलेला असला तर तो फिडलनेक. त्या गुंडाळीच्या बाहेरच्या कडेला छोटी पिवळसर नारिंगी फुलं एकामागून एक उघडतात आणि तसतसा दांडा सरळ होत जातो.

याच घेरांमध्ये तुम्हाला एक जांभळट गुलाबी, करंगळीच्या नखाहून लहान फुलाचं रोप दिसेल, फिलारी. हे मुळात भूमध्य समुद्राच्या भोवतालचं, युरोपीय लोकांबरोबर अमेरिकेत पोचलेलं. फूल गळल्यावर त्याला लांब चोचीसारखं फळ येतं. ते पिकलं की पाच तुकड्यांत सुटतं आणि प्रत्येक बीला एक लांब शेपूट असतं. कोरड्या हवेत हे शेपूट स्वतःभोवती पीळ घालतं, ओल लागली की पीळ सोडतं. एक वाळलेलं बी तळहातावर घ्या आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत ते हातावर फिरायला लागेल. जमिनीवर हीच फिरकी बीला मातीत टोचते आणि रोजच्या दव-उन्हाच्या फेऱ्यांत ते हळूहळू आत रुतत जातं. मी वर्गात वर्षानुवर्षं बीजप्रसार शिकवला, पण मुलांच्या हातावर हे एक बी ठेवता आलं असतं तर बाकी अर्धा धडा गाळला तरी चाललं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आता गुडघ्याच्या उंचीवर या. तुम्ही ज्याला राखाडी झुडूप म्हणता ते बहुतेक ब्रिटलबुश असणार. त्याचं पान उन्हाकडे धरून बघा : पांढऱ्या केसांची दाट लव आहे, आणि राखाडी रंग त्या लवेचा आहे. ऊन परतवून पान थंड ठेवायची ती सोय. पाऊस मिळाला की हेच झुडूप कमी लवेची, जास्त हिरवी पानं काढतं. म्हणजे झुडपाकडे नुसतं बघून गेल्या महिन्यात त्याला किती पाणी मिळालं याचा अंदाज येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर, आधी रस्त्याच्या कडेला, त्याच्या पानांच्या वर उंच नाजूक दांडे निघतात आणि टोकाला पिवळी फुलं. हे झुडूप अनेक वर्षं जगणारं असल्यामुळे पाऊस बेताचा असला तरी थोडंफार फुलतंच. पॉपी एखाद्या वर्षी अजिबात दिसणार नाही, ब्रिटलबुश सहसा तसं करत नाही.

ओकोटियोही बघून ठेवा. बुंध्यापासून फुटलेल्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या काटेरी काठ्यांचा जुडगा. एरवी वाळून गेल्यासारखा दिसतो. चांगला पाऊस झाला की दोन-चार दिवसांत सगळ्या काठ्या हिरव्या पानांनी भरतात, माती सुकली की पानं टाकून देतात, आणि वर्षात असं अनेकदा घडतं. पानांची वेळ पावसाच्या हातात असली तरी फुलांची तशी नाही. मार्चमध्ये, काठीवर पान असो-नसो, टोकाला लाल कळ्यांचा तुरा येतोच. दक्षिणेकडून उत्तरेला निघालेले हमिंगबर्ड तेव्हाच त्या वाटेने जात असतात.

वर बघायचंच असेल तर मेस्किट आणि पालोव्हर्डे या झाडांवरची बांडगुळं बघा. पानं जवळजवळ नसलेल्या लालसर काड्यांचे गुच्छ, त्यांवर बारीक लालसर फळं. अशा झाडाच्या शेंड्यावर काळाभोर, तुरेवाला, लाल डोळ्यांचा एक पक्षी बसलेला असतो आणि उडताना त्याच्या पंखात पांढरा पट्टा चमकतो. तो फायनोपेपला. हिवाळाभर तो याच फळांवर जगतो. फळाचं चिकट बी त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येऊन फांदीला चिकटतं आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. फांदीवर वाळलेल्या चिकट बियांची माळ दिसली तर समजा, ही त्याची बसायची ठरलेली जागा. इतर पक्षी घरट्यासाठी गवत-काड्या गोळा करायला लागण्याआधीच, फेब्रुवारीत, याचं घरटं सुरू होतं. मे उजाडेपर्यंत पिल्लं वाढवून तो गरम वाळवंट सोडून जास्त थंड, ओलसर जागी निघूनही जातो. त्याच्या दृष्टीने वसंत म्हणजे हेच आत्ताचे आठवडे.

आणि कान उघडे ठेवा. गेले दोन महिने लावे थव्याने जमिनीवरून पळत होते. आता थवे फुटतात, जोड्या दिसतात आणि नर एखाद्या दगडावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढून एकच खणखणीत हाक पुन्हा पुन्हा देतो. चोया निवडुंगातून येणारी, थंडीत गाडी सुरू होत नसताना व्हावी तशी घरघर म्हणजे कॅक्टस रेन या पक्ष्याची. बाकदार चोचीचा थ्रॅशर दोन तुटक शिट्ट्या वर्षभर मारतो, पण सलग, लांबलचक गाणं जानेवारीनंतरच लावतो. तुम्ही जाता त्या वेळेला तो नक्की गात असणार.

मोठा सवारो निवडुंग मात्र तुम्ही असेपर्यंत फुलणार नाही. त्याची फुलं एप्रिलच्या शेवटाला सुरू होतात आणि ऐन बहर मे-जूनचा. मुक्काम वाढवता आला तर त्याच्यासाठी वाढवा.

प्रश्न : सुनेने शेजारच्या टेकडीवरच्या पिवळ्या पॉपींचे सुंदर फोटो काढले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी गेलो तर एकही फूल उघडं नव्हतं. एका रात्रीत कोमेजली?

उत्तर : कोमेजली नाहीत. ही फुलं रात्री मिटतात आणि थंड, ढगाळ दिवशी दिवसभर मिटलेलीच राहतात. फेब्रुवारीत ऊन तापायला वेळ लागतो. दहा-अकराच्या सुमाराला जा, तीच टेकडी भरलेली दिसेल. तुम्ही सकाळी गेलात याचाही फायदा आहे. कळ्या नीट बघा. न उमललेल्या कळीवर एक टोकदार हिरवी टोपी असते. पाकळ्या वाढल्या की टोपी तळाशी सुटते आणि अखंड निघून पडते. टोपी नसलेली आणि पाकळ्या गुंडाळलेली कळी म्हणजे काल उमलून रात्री मिटलेलं फूल. दोन्ही प्रकार मोजलेत तर बहर अजून चढतोय की उतरायला लागलाय, हे सहज समजतं.

प्रश्न : आम्ही मार्चमध्ये दोन आठवडे कॅलिफोर्निया-ॲरिझोना फिरणार आहोत. फुलांचे गालिचे दिसतीलच ना? त्यावरच तिकिटांच्या तारखा ठरवल्या आहेत.

उत्तर : खात्री कोणीच देऊ शकणार नाही. जे फोटो आपल्यापर्यंत पोचतात ते मोजक्या वर्षांचे असतात. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत वर्षाला सरासरी जेमतेम ५० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे २००५ साली आणि पुन्हा २०१६ साली दऱ्या पिवळ्या झाल्या. २०१६ च्या फुलांचा पाऊस ऑक्टोबर २०१५ मध्ये पडला होता. मधल्या बहुतेक वर्षांत बिया मातीतच पडून राहिल्या.

आणि पाऊस झाला तरी सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत, ही मला या सगळ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. टुसॉनमध्ये ट्युमामॉक नावाची टेकडी आहे. तिथे १९०३ साली कार्नेगी संस्थेने वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा उभारली. त्याच टेकडीच्या पायथ्याशी ॲरिझोना विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून ठरावीक चौरसांत वर्षायू, म्हणजे एका वर्षात आयुष्य संपणारी, रोपटी मोजली आहेत : किती उगवली, किती जगली, किती बिया धरल्या. एकाच जातीच्या, एकाच मातीतल्या, एकच पाऊस मिळालेल्या बियांपैकी काही उगवतात, काही पुढच्या वर्षांसाठी थांबतात. उगवलेल्या सगळ्या रोपांना पुढे पाऊस मिळाला नाही तर ती मरतात, पण थांबलेल्या बियांमुळे जात टिकते. ज्या जातींचं यशापयश दरवर्षी फार वरखाली होतं, त्यांच्यात थांबणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं.

तारखा ठरल्याच आहेत तर एवढं करा. निघण्याआधी तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळांवर फुलांची ताजी माहिती बघा आणि एकाच जागी न अडकता उंची बदलत फिरा. सखल, उष्ण भागात बहर आधी संपतो, वरच्या उतारांवर नंतर येतो. दोन आठवड्यांत कुठे ना कुठे काहीतरी फुललेलं गाठता येतं. गालिचा नसला तर ब्रिटलबुश आणि ओकोटियो आहेतच, त्यांना कमी लेखू नका.

प्रश्न : सकाळी फिरताना रॅटलस्नेकची भीती वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते बाहेर असतात का?

उत्तर : गार पहाटे सहसा नाही. ऊबदार दुपारी ते हिवाळी बिळांच्या तोंडाशी ऊन खायला येतात. मार्चमध्ये दिवस तापले की वावर वाढतो. पायवाटेच्या मधून चाला, न दिसणाऱ्या कपारीत हात घालू नका, कानात इअरफोन नको. साप दरवेळी खुळखुळा वाजवेलच असं नाही. दिसला तर थांबा, मागे सरा, त्याला जाऊ द्या. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता ९११ ला फोन करा.

रोजचा त्रास मात्र सापापेक्षा चोया निवडुंगाचा होतो. त्याचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून कपड्यांत, कातडीत रुततात. हाताने काढायला गेलात तर हातात रुततील. खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. तो तुकड्याखाली सरकवून झटक्यात उडवायचा, दुसऱ्या माणसाच्या दिशेने नाही.

प्रश्न : आमची बदली जैसलमेरला झाली आहे. आपल्या थरच्या वाळवंटात असा वसंत नसतो का?

उत्तर : असतो, पण घडण वेगळी. थरला पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये मिळतो. हिवाळ्यात कधीतरी पश्चिमेकडून आलेल्या ढगांची एखादी सर पडते, तिला तिथे मावठ म्हणतात. त्यामुळे थरच्या वर्षायू रोपट्यांची धांदल पावसाळ्यात उरकते आणि फेब्रुवारीत जमिनीवर रंगीत गालिचा अंथरला जात नाही. वसंत दिसतो तो खोल मुळं असलेल्या झाडा-झुडपांवर. इथे नजर पुन्हा वर न्यायची.

सगळ्यात आधी रोहिडा शोधा. राजस्थानचं राज्यपुष्प. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळ्या, केशरी, लाल अशा छटांची मोठी घंटेच्या आकाराची फुलं येतात. शेजारशेजारच्या दोन झाडांचे रंग वेगळे असू शकतात. सकाळी लवकर गेलात तर मधासाठी आलेले पक्षी एका जागी बसून बघता येतात. केर, ज्याला आपल्याकडे नेपती म्हणतात, त्याच्या पानं नसलेल्या हिरव्या काड्यांवर विटकरी लाल फुलं येतात. वाळूच्या टेकडीवरच्या फोग या झुडपावर बारीक, सुवासिक फुलं दिसतात. खेजडीला, म्हणजे आपल्या शमीला, उन्हाळा तोंडावर आला असताना नवी पालवी फुटते.

जमिनीवरची एक खूण मात्र चुकवू नका. काटेरी शेपटीचा सांडा हा सरडा हिवाळाभर बिळाचं तोंड मातीने बुजवून आत झोपलेला असतो. दिवस तापायला लागले की बुजलेली बिळं एकेक करून उघडतात, आणि ऊन चढल्यावर तो तोंडाशी येऊन बसतो. तुमची पावलं जाणवली की आत जातो, म्हणून लांब बसून दुर्बिणीने बघा. आणि मार्च संपायच्या आत फलोदीजवळच्या खीचनला जाऊन या. सप्टेंबरच्या सुमाराला आलेल्या कुरजां, म्हणजे डेमॉइझेल क्रेन, तेव्हा मध्य आशियाकडे परत निघतात.

प्रश्न : ॲरिझोनातल्या रानफुलांच्या थोड्या बिया आणून गच्चीवर लावाव्यात असं वाटतं. उगवतील का?

उत्तर : उगवतील की नाही, हा पुढचा प्रश्न. कृपा करून आणू नका. राष्ट्रीय उद्यानांत बी-फूल तोडायला बंदी आहे आणि भारतात बियाणं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नियम कशासाठी आहेत हे एका गवताच्या उदाहरणावरून सांगते.

अंजन हे गवत थरच्या मातीतलं. गुरं आवडीने खातात, दुष्काळात टिकतं, आणि जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने त्याच्या सुधारित जाती काढल्या आहेत. तिथे ते जमीन धरून ठेवतं, माणसांना आणि जनावरांना जगवतं. हीच जात, आफ्रिकेतून आणलेल्या बियाण्यापासून, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲरिझोनात चाऱ्यासाठी आणि मातीची धूप थांबवण्यासाठी लावली गेली. बफेलग्रास हे तिचं तिथलं नाव. सोनोरन वाळवंटात झुडपांच्या मधली जमीन मोकळी असते, म्हणून आग लागली तरी पसरत नाही. बफेलग्रासने ती मोकळी जागा भरून टाकली. वाळलेलं गवत जोरात पेटतं, आणि आगीनंतर ते मुळापासून पुन्हा फुटतं, पण सवारोला आगीची सवय नाही. जो निवडुंग पहिल्या दहा वर्षांत जेमतेम बोटभर वाढतो आणि पहिली फांदी फुटायला ज्याला बहुधा पन्नास वर्षांहून जास्त काळ लागतो, तो एका वणव्यात जातो. मी तिथे असताना दर हिवाळ्यात स्वयंसेवक टेकड्यांवर चढून हे गवत कुदळीने मुळासकट उपटायचे. मीही जायचे. घरी ज्या गवताबद्दल मला इतका आदर आहे ते तिथे उपटताना जीव तुटायचा, तरीही मी ते उपटलं आणि पुन्हा गेले तर पुन्हा उपटेन.

तुम्ही सकाळी फिरायला जाता तिथे कमरेपर्यंत वाढलेले, पिवळे पडलेले, टोकाला बाटली घासायच्या ब्रशच्या आकाराची कणसं असलेले गवताचे ठोंब दिसले तर ते बहुधा हेच. कणसाचं बोंड कपड्याला चिकटतं. परतल्यावर मोजे आणि बुटांच्या नाड्या तपासा, आणि जे निघेल ते अंगणात न झटकता पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.